भरवसा कुणाचा? केडगाव, दौंड, नगर, अकोला

पुण्यात नोकरी आणि घर अकोल्याला, जठारपेठेत, असं ज्याचं आयुष्य आहे त्याला महाराष्ट्र एक्सप्रेसचा रस्ता तोंडपाठ असतो. रात्री पुणं सुटलं की आधी केडगाव, मग दौंड, मग नगर (म्हणजे आताचं अहिल्यानगर), मनमाड, भुसावळ, आणि सकाळी अकोला. केडगाव जातं तेव्हा डब्यात लोक पथाऱ्या टाकत असतात, बाहेर कुणी बघत नाही. (नगरला लागून एक केडगाव आहे, ते वेगळं. हे दौंड तालुक्यातलं.) गेले काही वीकएंड मी पंडिता रमाबाईंबद्दल मिळेल ते वाचतोय. वाचता वाचता लक्षात आलं की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच लाइनवर एकच विचार वेगवेगळ्या स्टेशनांवर उतरला होता. विचार असा की ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या बळावर जगू नये, देवाच्या बळावर जगावं. आणि हे फक्त रविवारी चर्चमध्ये म्हणायचं नाही. पगार, किराणा, बांधकाम, आजारपण, सगळं त्यावर सोडायचं.

हे प्रवचन नाही, घाबरू नका. मला रस आहे तो हिशोबात. कारण "देवावर भरवसा" हे वाक्य म्हणायला फार सोपं आहे. पण दोन हजार माणसांचा स्वयंपाक रोज करायचा असेल आणि पुढच्या महिन्याच्या पैशाची हमी नसेल, तर त्या वाक्याचा अर्थ नेमका काय होतो?

आधी थोडी पार्श्वभूमी. कल्पना जुनीच आहे. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल स्वतःच्या एका दुखण्याबद्दल लिहितो. ते जावं म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि ते गेलं नाही. त्यातून तो या निष्कर्षाला येतो की आपण दुबळे असतो तिथेच देवाचं बळ दिसतं. पुढे अठराशे वर्षं यावर भाष्यं झाली. पण त्याचा थेट व्यवहार केला तो जॉर्ज म्युलर या जर्मन माणसाने, इंग्लंडमध्ये. १८३० मध्ये त्याने पाद्री म्हणून मिळणारा ठरलेला पगार सोडला. १८३६ मध्ये ब्रिस्टलला अनाथ मुलांसाठी घर काढलं आणि नियम केला की कुणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत. गरज असेल तर ती फक्त देवाला सांगायची. १८७० पर्यंत त्याची पाच मोठी घरं झाली होती, दोन हजारांवर मुलं राहू शकतील एवढी. म्युलर १८९८ मध्ये वारला.

आता यात एक गंमत आहे. म्युलर मागत नसे हे खरं, पण काय आलं, काय खर्च झालं, कोणत्या दिवशी घरात काहीच नव्हतं आणि मग कसं आलं, याचे वृत्तांत तो नियमाने छापत असे. ते वृत्तांत हजारो लोक वाचत, आणि वाचून पैसे पाठवत. म्हणजे मागणं नव्हतंच का? तुम्ही ठरवा. माझ्या मते तो माणूस प्रामाणिक होता. हिशोब उघडा ठेवण्याची शिस्त हाच त्याच्या भरवशाचा निम्मा भाग होता, आणि तो भाग त्याच्या भक्तांनी सांगताना बऱ्याचदा गाळला.

म्युलरचं वारं जगभर गेलं. हडसन टेलरने १८६५ मध्ये चीनसाठी मिशन काढलं, त्यातही हमीचा पगार नव्हता. अशांना 'फेथ मिशन' म्हणू लागले. मुंबईत त्याच्याही आधी जॉर्ज बोवेन नावाचा अमेरिकन माणूस होता. १८४८ मध्ये आला, थोड्याच काळात मिशनचा पगार नाकारला, गरीब वस्तीत राहिला, 'बॉम्बे गार्डियन' चालवला आणि १८८८ मध्ये मुंबईतच गेला. चाळीस वर्षं! पगार नाकारून चाळीस वर्षं मुंबईत राहणं हे तेव्हाही सोपं नसणार.

आणि मग आपलं वऱ्हाड. अल्बर्ट नॉर्टन नावाचा मिशनरी एलिचपूरला, म्हणजे अचलपूरला, कोरकूंमध्ये काम करत होता. अकोल्यात मार्कस फुलर आणि त्याची बायको जेनी फुलर यांनी काम सुरू केलं, तेही असंच, मागे कुणी भरभक्कम संस्था नसताना. पुढे ते ए. बी. सिम्प्सनच्या अलायन्समध्ये सामील झाले. सिम्प्सनने ही चळवळ १८८७ मध्ये अमेरिकेत उभी केली होती. अकोला हे अलायन्सच्या वऱ्हाडातल्या कामाचं केंद्र झालं. जठारपेठेत वाढलेल्या मला 'मिशन' म्हणजे शाळा आणि कंपाउंड एवढंच माहीत होतं. जेनी फुलर गेल्यावर त्यांचं जे चरित्र निघालं त्याच्या नावातच 'ऑफ अकोला अँड बॉम्बे' आहे, हे बघून मला उगाचच बरं वाटलं. आपल्या गावाचं नाव पुस्तकाच्या कव्हरवर फार वेळा येत नाही. :-)

या जेनी फुलर बाईंनी 'द रॉंग्ज ऑफ इंडियन वूमनहूड' नावाचं पुस्तक लिहिलं, १९०० साली आलं. बालविवाह, विधवा, मुरळ्या, रखमाबाईंचा खटला, सगळं त्यात आहे. आज वाचताना मिशनरी चष्मा जागोजागी खुपतो. इथल्या बाईच्या आयुष्यात दुःखाखेरीज काही नसतंच असं वाटायला लागतं. पण त्याला प्रस्तावना आहे पंडिता रमाबाईंची, आणि रमाबाई काही परक्या चष्म्याने बघत नव्हत्या. त्याच साली जेनी फुलर वारल्या.

असो. मुद्द्यावर येतो, म्हणजे केडगावला.

पंडिता रमाबाई (रानड्यांच्या रमाबाई वेगळ्या, ही गल्लत अजून होते) यांची गोष्ट शाळेत आपण अर्धीच शिकतो. विदुषी, आर्य महिला समाज, शारदा सदन, मग धर्मांतर, आणि तिथे धडा संपतो. खरी गुंतागुंत त्याच्या दोन्ही बाजूंना आहे.

सुरुवात भुकेपासून करायला हवी. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी धारेवर धरलं, तर रानात आश्रम काढून राहिले. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, तिथलाच. पुढे कर्ज झालं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. गावोगाव पुराण सांगायचं, मिळेल त्यावर जगायचं. मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरात दाणा नाही, तर पुराणिकाला कोण देणार? रमाबाईंनी नंतर लिहिलंय की होतं नव्हतं ते दानधर्म, अनुष्ठानं, व्रतं यात गेलं. देव पावेल या भरवशावर. ब्राह्मण, शास्त्री, त्यामुळे मजुरी करणं किंवा भीक मागणं दोन्ही अवघड. शेवटी वडिलांनी पवित्र तळ्यात देह सोडायचं ठरवलं, तेव्हा मोठा भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडतो आणि काम करतो. वडील त्यानंतर लवकरच गेले. मग आई, मग मोठी बहीण.

भाऊ-बहीण दोघं उरले आणि चालत राहिले. पार काश्मीर-पंजाबापर्यंत. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं म्हणून वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून झोपले, असं त्यांनीच सांगितलंय. ही मुलगी भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ म्हणू शकत होती. आणि वाळू पांघरून झोपत होती.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. अनंतशास्त्रीही देवावरच भरवसा ठेवून होते. पूर्णपणे. आणि तो भरवसा मरण घेऊन आला. मग त्यांची मुलगी पंचवीस वर्षांनी केडगावला पुन्हा 'देवावर भरवसा' म्हणते, तेव्हा ती बापाचीच चूक परत करत होती की काहीतरी वेगळं करत होती? मला या सगळ्या गोष्टीत हाच प्रश्न सगळ्यात खरा वाटतो. रमाबाईंचं स्वतःचं उत्तर सरळ होतं. ते देव खोटे होते आणि हा खरा. हे उत्तर प्रत्येक वाचकाला पटेलच असं नाही, मलाही एवढ्याने समाधान होत नाही. पण त्यांनी केडगावला काय केलं ते बघितलं तर दुसरंही एक उत्तर दिसतं. तिकडे येतोच.

मधली वर्षं भराभर. १८७८ मध्ये कलकत्ता, तिथल्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न, वेगळ्या जातीत. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. त्याच वर्षी पुणं, आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढे साक्ष. १८८३ मध्ये इंग्लंड, वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात मुक्काम आणि बाप्तिस्मा. तिथेही त्या कुणाला सहज ऐकल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर कळतं, चर्च सांगतं म्हणून मान हलवायची हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला अमेरिकेला गेल्या. तिथे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' लिहिलं, व्याख्यानं दिली आणि १८८७ च्या शेवटी बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. असोसिएशनने दहा वर्षं पैसा द्यायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा एकदम व्यवस्थित प्रोजेक्ट होता. दहा वर्षांचं फंडिंग, स्कोप ठरलेला (उच्चवर्णीय विधवांचं शिक्षण), एक अट (धर्माचा प्रचार नाही), आणि पुण्यात सल्लागार मंडळ, ज्यात रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं. यापेक्षा चांगला सेटअप मिळणं अवघड. आणि तो उभा राहिला होता रमाबाईंच्या स्वतःच्या बळावर. त्यांचं संस्कृत, त्यांचं वक्तृत्व, त्यांची हिंमत.

१८९१ च्या सुमारास त्यांनी विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश पाद्र्याचं आत्मचरित्र वाचलं. हा गृहस्थ अनेक वर्षं पाद्री होता आणि मग एक दिवस स्वतःच प्रवचन देता देता त्याचं हृदयपरिवर्तन झालं! रमाबाईंना वाटलं, माझंही हेच झालंय. मला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही. म्हणजे इतकी वर्षं बुद्धीने पटवून घेतलेलं सगळं, त्याच्या खाली जमीन नव्हती. त्या स्वतःच्या बळावर ख्रिस्ती होत्या, असं म्हणा ना.

आता ही आतली गोष्ट झाली. पण तिचे परिणाम बाहेर झाले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला, 'केसरी'ने झोडपलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. यात कोण बरोबर यावर अजून वाद होतो. मला दोन्ही बाजू समजतात. ज्या पालकांनी तटस्थ शाळा म्हणून मुलगी पाठवली, त्यांना फसवणूक वाटली तर ते अगदीच गैर नाही. आणि ज्या बाईने आपली खोली आपली म्हणून प्रार्थना केली, तिनेही दार लावूनच घ्यावं असा हट्ट कसा धरणार?

काहीही असो, पुण्याचा आधार गेला. बॉस्टनचा अजून होता. पण त्याची मुदत १८९८ मध्ये संपणार होती.

आणि मग १८९६ चा दुष्काळ. मध्य प्रांतात लोक रस्त्यावर मरत होते. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळात आई-बाप गमावलेली मुलगी दुष्काळात आई-बाप गमावलेल्या मुली बघायला गेली, काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. या मुली उच्चवर्णीय नव्हत्या, बहुतेक विधवाही नव्हत्या. म्हणजे बॉस्टनच्या स्कोपच्या पूर्ण बाहेर! शारदा सदनचा पैसा त्यांच्यासाठी नव्हताच. त्यातच पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या नव्या मुली ठेवणं शक्य नव्हतं. केडगावला रमाबाईंनी काही काळापूर्वी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती, फळबाग करून सदनला उत्पन्न मिळेल म्हणून. (मुदत संपल्यावरची सोय. प्लॅन बी.) त्या शेतावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदन ते हेच.

याच दिवसांत त्यांनी तीन पुस्तकं वाचली होती. म्युलरचं, हडसन टेलरच्या चीन मिशनचं आणि जॉन पेटन या स्कॉटिश मिशनऱ्याचं. प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला तो साधा होता. हे इंग्लंडात आणि चीनमध्ये होतं, तर हिंदुस्थानात का होऊ नये? आणि त्यांनी ठरवलं की मुक्ती अशीच चालवायची. कुठल्या मिशनशी जोडायची नाही, कुठल्या पंथाची करायची नाही, हमीचा पैसा घ्यायचा नाही.

पुस्तकी भक्त इथे लिहितात की बाईंनी सगळे मानवी आधार सोडले. तसं पूर्ण खरं नाही. १८९८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, जुनी असोसिएशन बंद झाली आणि नवी झाली, तिने शारदा सदनला मदत चालू ठेवली. त्याच प्रवासात त्या इंग्लंडात केझिकच्या संमेलनालाही गेल्या. स्वतःच्या प्रयत्नाने पवित्र होता येत नाही, ते देवाकडून मिळतं, हीच केझिकची मुख्य शिकवण, १८७५ पासूनची. म्हणजे माणसं, ओळखी, प्रवास, पत्रं सगळं होतं. पुढे 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचं पत्रकही निघालं आणि ते परदेशातल्या लोकांकडे जात असे. म्युलरसारखंच.

मग सोडलं काय? माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी मालक सोडले. पुण्याचं मंडळ म्हणणार धर्माचं बोलू नका, बॉस्टन म्हणणार फक्त उच्चवर्णीय विधवा घ्या, मिशन म्हणणार आमच्या पंथाप्रमाणे चाला. प्रत्येक हमीच्या पैशामागे एक 'पण' होता. १८९७ मध्ये रस्त्यावर पडलेल्या मुलीची जात विचारायची नसेल, तर हमीचा पैसाच नको. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे त्यांच्यासाठी, निदान व्यवहारात, कोणत्याही कमिटीला उत्तर द्यायला बांधलेलं नसणं. जोखीम प्रचंड. पण आज दार कुणासाठी उघडायचं हे ठरवायला कुणाची सही लागत नाही.

त्या जोखमीची परीक्षा लगेच झाली. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरात, राजपुताना, वऱ्हाड, सगळीकडे होता. आपल्याकडे जुनी माणसं 'छप्पनचा दुष्काळ' म्हणत ती हीच, संवत १९५६. मुक्तीतली संख्या जवळजवळ दोन हजारांवर गेली. मुलगे कुठे ठेवायचे हा प्रश्न होता, तर एलिचपूरचे ते नॉर्टन दौंडला आले आणि त्यांनी मुलांसाठी आश्रम काढला. अकोल्यात आणि खामगावातही अलायन्सने दुष्काळातली मुलं घेतली. बघा, केडगाव, दौंड, अकोला, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि कुणाकडेच पुढच्या महिन्याची हमी नाही. नेटवर्क मात्र होतं!

आता ते राहिलेलं दुसरं उत्तर. मुक्तीत काय काय होतं याची यादी वाचली तर डोकं गरगरतं. गोठा, शेती, विहिरी, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम, धोबीकाम, छापखाना, अंध मुलींसाठी वेगळी शाळा. प्रत्येक मुलीच्या हाताला काहीतरी काम यायलाच हवं. मला वाटतं (हा माझा अंदाज, त्यांनी असं शब्दांत लिहिलेलं मी वाचलेलं नाही) की हे थेट त्या तळ्याच्या काठावरून आलं. अनंतशास्त्र्यांच्या घरात अठरा हजार श्लोक होते आणि दुष्काळात पोट भरेल असं एकही काम नव्हतं. त्यांच्या मुलीने देवावर भरवसा ठेवला आणि दोन हजार मुलींना घाणा चालवायला, कापड विणायला, खिळे जुळवायला शिकवलं. दोघांच्याही भरवशात प्रार्थना होती, फरक श्रीनिवासच्या त्या वाक्यात होता. मी जातीचा अभिमान सोडतो आणि काम करतो.

आपल्या वऱ्हाडी माणसाला हे फार परकं वाटू नये. गाडगेबाबा १८७६ चे, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, लहानपण मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाकडे. स्वतःसाठी पैसा ठेवला नाही, धर्मशाळा मात्र बांधल्या. आणि कीर्तनात नवस बोलणाऱ्यांची अशी काही उडवत की विचारू नका. ते आणि रमाबाई भेटले असते तर देवावरून भांडले असते, झाडूवरून भांडले नसते.

पण एक खटकणारी बाजू आहे आणि ती सोडून पुढे जाणं बरोबर नाही. भरवसा रमाबाईंचा, उपाशी राहण्याची पाळी आली तर ती मुलींची. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि त्या वाढल्या त्याही ख्रिस्ती म्हणूनच. दुष्काळाचा फायदा घेऊन धर्म बदलला हा आरोप तेव्हाही झाला. त्यावर मुक्तीच्या बाजूने एवढंच म्हणता येतं की दुसरं दार उघडं नव्हतं. हे उत्तर आरोप करणाऱ्यांनाही लागू पडतं, त्यांच्यावर उलटं.

भरवशाचा खर्च कोण भरतं हे ज्यांना नीट बघायचंय त्यांनी नगरला उतरावं. रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांची गोष्टही रेल्वेतच सुरू झाली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा. बावीस वर्षं अमेरिकन मराठी मिशनबरोबर काढली आणि १९१७ मध्ये ते सोडून संन्यास घेतला, ख्रिस्ती संन्यास! भगवी कफनी, 'देवाचा दरबार' नावाची कल्पना, ज्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला दोघांनाही जागा. तोच तर्क: मिशनच्या पगारात असेपर्यंत माणूस मिशनचा, देशाचा नाही. १९१९ मध्ये ते वारले.

रमाबाईंना नवरा नव्हता, टिळकांना बायको होती. लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचलंय त्याला सांगायला नको. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, कोण कधी घरी जेवायला येईल याचा नेम नसे, आणि टिळक देवावर विसंबले की चूल लक्ष्मीबाईंवर विसंबत असे. त्या तक्रार करत नाहीत, हसवतात. पण हसता हसता लक्षात येतं की या घरात देवाचा कारभार बघणारी मॅनेजर कोण होती. फेथ मिशनच्या सगळ्या चरित्रांत अशी एक लक्ष्मीबाई असणार, फक्त तिने आत्मचरित्र लिहिलेलं नसतं.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठं धार्मिक उधाण आलं, मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, हसत. जगभरचे पेंटेकॉस्टल इतिहासकार आज त्यावर भरभरून लिहितात. मला त्यात फारसं कळत नाही, म्हणून तो भाग सोडतो.

मला जास्त ओढ वाटते ती शेवटच्या अठराएक वर्षांची. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर करायला घेतलं, एकटीने, आणि त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, चाळिशी उलटल्यावर. आधीची भाषांतरं त्यांना संस्कृतने जड वाटत. केडगावच्या मुलींना ती कळणार नाहीत, आणि त्या संस्कृत शब्दांना जुन्या धर्माचा वास येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी साधी, घरगुती, कधी कधी ओबडधोबड मराठी वापरली. ज्या बाईला कलकत्त्यात 'सरस्वती' म्हटलं, तिने आपलं सगळ्यात मोठं बळ बाजूला काढून ठेवलं. विद्वान लोकांना हे भाषांतर आवडलं नाही आणि चर्चमध्येही ते फारसं रुळलं नाही. माझं मत विचाराल तर काही ठिकाणी ते खरंच खडबडीत आहे. पण संस्कृत न येणाऱ्याने लिहिलेली साधी मराठी आणि संस्कृत सोडून दिलेल्याने लिहिलेली साधी मराठी यात फरक असतो.

आपल्यामागे मुक्ती मनोरमा बघेल हे ठरलेलं होतं. ती इंग्लंड-अमेरिकेत शिकली होती, शाळा तीच सांभाळत होती. २४ जुलै १९२१ ला ती गेली, चाळिशीत. रमाबाईंना तेव्हा स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हतं. त्या प्रुफं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं, केडगावच्या छापखान्यात, मुक्तीच्याच मुलींनी खिळे जुळवून छापलेलं.